नाटकातल्या गाडीच्या चाकाला पॅलेटचं लाकूड कसं?

हौशी राज्य नाट्य स्पर्धेत गावाकडचं नाटक उतरवायचं म्हटलं की नेपथ्यात बैलगाडीचं चाक हमखास येतं. खरं चाक बाभळीचं. ते दोघांनी उचलावं लागतं, टेम्पोत चढवताना बोटं चेंगरतात आणि रंगमंचाच्या फळ्यांवर पडलं तर खड्डा पाडतं. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या भंगार दुकानांत मिळणारं जुन्या पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं, पाईन लाकूड चाकासाठी कसं पडतं, ते इथे लिहितोय.

थोडक्यात मत: आऱ्यांना (चाकाच्या दांड्यांना) आणि आतल्या भरीला उत्तम, गोल पुठ्ठ्यांना, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या लाकडी कड्याला, एकट्यानं निकामी. पुठ्ठ्यांवर प्लाय लावावाच लागतो.

सगळी पॅलेटं पाईनची नसतात. देशांतर्गत मालाची बरीचशी निलगिरी, आंबा किंवा मिळेल त्या लाकडाची असतात, हातात घेतली की जड लागतात. निर्यातीच्या पॅलेटवर कणसाचं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात एचटी लिहिलेलं असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला 30 मिनिटं तापवलेलं आहे, ते निवांत घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. नाटकात कलाकार हात लावणार, लहान पोरं खेळणार, तेव्हा असलं पॅलेट नकोच. तेलाचे डाग पडलेली फळीही परत करा, त्यावर डिंक धरत नाही. भाव नगावर की किलोवर, हे आधीच ठरवा. पावसात भिजलेलं पॅलेट किलोवर घेतलं तर पाण्याचेच पैसे जातात.

खरी कटकट खिळ्यांची. हे खिळे पिळाचे असतात, कटावणी लावून ओढले की फळीच टोकाला फाटते. फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून खिळा कापणं हाच सोपा मार्ग. तुकडा लाकडात राहतो, म्हणून लोहचुंबक फिरवून खूण करा. असं लाकूड न सांगता मशीनवर नेलं आणि रंध्याचं पातं गेलं, तर सुतार पुढच्या वेळी दारात उभा करणार नाही.

माप 4 फूट व्यासाचं धरा. खरं चाक याहून मोठं असतं, पण हे टेम्पोत आणि विंगेत सुखानं बसतं. पुठ्ठ्याची रुंदी 3 इंच, तुंबा (चाकाचा मधला गोल भाग) 9 इंचांचा, आरे 12. पॅलेटची फळी साधारण 1200 मिमी लांब, 100 मिमी रुंद आणि 20 मिमी जाड असते. ती मधोमध कापून प्रत्येक अर्धा उभा चिरला की एका फळीत 4 आरे निघतात, प्रत्येकी पावणेदोन इंच रुंद आणि साडेएकवीस इंच लांब. टोकांना खिळ्यांची भोकं राहतात, पण एक टोक पुठ्ठ्याखाली आणि दुसरं तुंब्याखाली जातं, त्यामुळे दिसत नाहीत. तुंब्याकडचं टोक सव्वा इंचापर्यंत निमुळतं करा, नाहीतर 12 आरे मध्ये मावतच नाहीत. ही चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो.

पुठ्ठ्यात दोन आऱ्यांमधल्या 10 इंचांच्या जागेत फळीचेच कमानदार तुकडे भरा. वर आणि खाली 6 मिमी प्लायचे सहा-सहा भाग लावा. वरच्या थराचे सांधे 1, 3, 5 या विषम आऱ्यांवर आणि खालच्या थराचे सम आऱ्यांवर येऊ द्या. दोन्हीकडचे सांधे एकाच आऱ्यावर आले तर चाक तिथेच मोडतं, तेही प्रयोगाच्या दिवशी. 8 बाय 2 फुटांच्या प्लायमध्ये बारा भाग आणि तुंब्याच्या दोन चकत्या बसतात. दोन पॅलेटं पुरतात. पांढरा डिंक आणि 25 मिमीचे स्क्रू वापरा. पाईन टोकाला चटकन चिरतं, त्यामुळे आधी बारीक भोक पाडाच. रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवा. तयार चाक सात-आठ किलोचं होतं, एकटी नटी लोटत नेऊ शकते. त्यावर कुणी उभं राहील असा प्रसंग मात्र लिहू नका.

रंगात या लाकडाचा दुर्गुण दिसतो. गाठीतली राळ दिव्यांच्या उष्णतेनं पाझरते आणि पाण्याच्या रंगावर पिवळे डाग येतात. गाठींवर स्पिरिटमधल्या चपड्या लाखेचे दोन हात द्या, मगच रंग. ऑइलपेंटची चकाकी दिव्याखाली पितळेसारखी मारते, म्हणून डिस्टेंपरमध्ये तपकिरी आणि काळा घालून तो थोड्या डिंकासह लावा. वरून आऱ्यांच्या खाचांत पांढरट धूळरंग चोळा. आपल्या भागातली गाडी काळ्या मातीतून येते, लाल मातीतून नाही, हे रंगवणाऱ्याला सांगावं लागतं.

लाकूड वापरण्याआधी मध्ये पट्ट्या ठेवून 10-15 दिवस सावलीत रचून ठेवा. मेच्या उन्हात ठेवलं तर टोकं तडकतात.

धावेसाठी, म्हणजे चाकाच्या बाहेरून बसणाऱ्या कड्यासाठी, लोखंडी पट्टी नको. जुन्या स्कूटरच्या ट्यूबची दीड इंच पट्टी काळ्या-करड्या रंगात रंगवून ताणून चिकटवा, बारीक खिळे मारा. लांबून लोखंडच दिसतं आणि चाक फिरताना संवाद गिळला जात नाही.