वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका, ब्लू-रे: घ्यायची तर लांबवालीच घ्या

आधी कामाचं सांगतो, म्हणजे ज्यांना एवढं वाचायचं नाही ते इथूनच सुटतील. हा पिक्चर मुख्य तीन लांबीत फिरतो, १३९ मिनिटं, २२९ मिनिटं आणि २५१ मिनिटं. १३९ वाला फुकट मिळाला तरी घेऊ नका. बाकीचे दोन्ही एकाच डब्यात असलेला दोन डिस्कचा सेट मी मागवला, इंदूरला पोचायला अठरा दिवस लागले, डबा एका कोपऱ्यात चेपलेला आणि आत डिस्क धरून ठेवणारा प्लास्टिकचा दात मोडलेला, विकणाऱ्याला दोन मेल टाकले त्यांचं उत्तर अजून येतंय. डिस्कवर मात्र एक ओरखडा नाही. मागवताना रिजन कोड (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते) बघून घ्या बरं का, ब्लू-रेत आपला भारत सी मध्ये येतो आणि बाहेरच्या बऱ्याच डिस्क ए नाहीतर बी च्या असतात, माझी चालली कारण माझा प्लेयर समोर येईल ते खातो.

आता मुद्द्यावर. कॉलेजात असताना राजवाड्याजवळच्या एका सीडी लायब्ररीतून मी हाच पिक्चर आणला होता, दोन सीडीत मावला होता, तिथेच शंका यायला हवी होती. तेव्हा बघून वाटलं ठीक आहे, चार पोरं, दारूबंदीचा काळ, बंदुका, एक गद्दारी, संपलं. परत केला आणि विसरून गेलो. मग एवढ्या वर्षांनी कळलं की आपण जे बघितलं तो पिक्चरच नव्हता. १९८४ साली फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलला २२९ मिनिटांचा दाखवला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि अमेरिकेत वितरकाने दिग्दर्शकाला बाजूला ठेवून तो १३९ मिनिटांवर आणला, आणला तो आणला वर सगळं क्रमाने लावलं, म्हणजे आधी लहानपण, मग तरुणपण, मग म्हातारपण, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकासारखं. तिकडे आपटला तो आपटलाच. दिग्दर्शक सर्जियो लिओने, काउबॉयवाल्या इटालियन पिक्चरांचा बादशहा, याच्यामागे दहाएक वर्षं लागला होता, आणि हा त्याचा शेवटचाच पिक्चर, १९८९ ला गेला बिचारा.

तर क्रम मोडला की काय बिघडतं, हे मला दोन्ही बघितल्यावरच कळलं, आणि हे सगळं लिहितोय तेही त्याच्यासाठीच. खऱ्या पिक्चरात नूडल्स (रॉबर्ट डी नीरो) पहिल्यांदा म्हातारा होऊन परत येतो १९६८ मध्ये, पस्तीस वर्षं कुठेतरी गायब राहून, मित्र जाड्या मो च्या हॉटेलात. खिशातून एक किल्ली काढून परत देतो, मो च्या भिंतीवरच्या घड्याळाची, जी १९३३ मध्ये पळताना त्याच्याकडे राहून गेलेली. मो विचारतो इतकी वर्षं काय केलंस, तो म्हणतो लवकर झोपत होतो. बस एवढंच. मग रात्री एकटाच मागच्या संडासात जातो, पाट्यावर चढतो, भिंतीतल्या फटीतून पलीकडे बघतो, आणि पलीकडे मो ची बहीण डेब्रा पीठ-साखरेच्या पोत्यांमध्ये नाचतेय, बारा-तेरा वर्षांची, आणि बघणारे डोळे आता पोराचे झालेत. म्हणजे दोस्ती तुटली आहे, कोणी मेलंय, कोणीतरी कोणाचं वाटोळं केलंय हे सगळं आपल्याला आधी माहीत, आणि मग ती पोरं गल्लीत उंडारताना दिसतात. प्रत्येक हसण्यावर पोटात कालवतं. छोट्या कटात हेच उलटं होतं, पोरं हसतात तेव्हा आपण पण हसतो आणि पुढे जातो. मग शेवटी गद्दारी होते तेव्हा वाटतं असेल बुवा, गुंडच ते.

पोरांचा भाग सोन्यासारखा आहे, त्याच्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे. न्यूयॉर्कची लोअर ईस्ट साइड, ज्यू वस्ती, घोडागाड्या, वर मॅनहॅटन ब्रिज. पाच जण: नूडल्स, मॅक्स, पॅट्सी, कॉकआय आणि सगळ्यात लहान डॉमिनिक. कमाईतला अर्धा हिस्सा एका सूटकेसमध्ये, सूटकेस रेल्वे स्टेशनच्या लॉकरमध्ये, किल्ली मो कडे. हे बघताना मी सोफ्यावर सरळ होऊन बसलो, कारण आमच्याकडे रामबागेत बोर्नव्हिटाचा डबा होता. चौघांची वर्गणी, रंगपंचमीच्या गेरला (आमच्याकडची रंगाची मिरवणूक) राजवाड्यावर जायचे पैसे, बॅट, टेनिस बॉल, सगळं त्यात, आणि डबा एकाच्या आजीच्या देवघरात मागे, कारण तिथे हात घालायची कोणाच्या बापाची टाप नव्हती.

आणि ती पेस्ट्री! त्या वस्तीत पेगी नावाची मुलगी आहे, क्रीमवाली पेस्ट्री आणून दिली की ती पोरांना, म्हणजे, समजून घ्या. पॅट्सी पैसे जमवून सगळ्यात महाग वाली घेतो, वर चेरी, कागदात बांधून रिबीन, आणि तिच्या दाराबाहेर जिन्यावर बसतो. ती आंघोळ करतेय, थांब म्हणतात. तो थांबतो. कागदाच्या कडेला लागलेलं क्रीम बोटाने चाटतो. कागद परत नीट लावतो. परत उघडतो. थोडंसंच. मग अजून थोडं, मग चेरी, आणि मग सरळ हाणतो, सगळी, आणि दार उघडतं तेव्हा हात मागे लपवून सांगतो की नंतर येतो. डायलॉग जवळजवळ नाहीच. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, बहिणीसाठी बांधून घेतलेली जिलबी घरी पोचेपर्यंत पुडीत दीड वेढा उरलेला असायचा, ज्याने हे केलंय त्याला या सीनसाठी सबटायटल लागणार नाही.

मग ब्रिजखाली डॉमिनिकला गोळी लागते, नूडल्सच्या हातात तो सांगतो की पाय घसरला. गोळी लागली असं नाही म्हणत, पाय घसरला म्हणतो! पोरगं पडल्यावर घरी जसं सांगतं तसं. नूडल्स चाकू घेऊन धावतो, एक गुंड आणि एक पोलीस, जेल. बाहेर येतो तेव्हा मोठा, दाराशी मॅक्स (जेम्स वूड्स) मयताची गाडी घेऊन उभा.

इथून पुढे जे आहे ते गुंडगिरीपेक्षा वेगळंच आहे. मॅक्सला वर जायचंय, नेते, युनियन, मोठा पैसा. नूडल्सला गल्लीतच राहायचंय, म्हणजे तसाच आहे तो, पायाखालची माती सुटत नाही त्याच्याकडून. दारूबंदी उठायची वेळ येते तेव्हा मॅक्सच्या डोक्यात थेट फेडरल रिझर्व्ह बँक लुटायचं भरतं. हे मरणार हे नूडल्सला दिसतं, म्हणून तो पोलिसांना फोन करून दारूच्या शेवटच्या खेपेची टीप देतो, की वर्षभर आत जातील आणि जीव वाचेल. आणि त्या रात्री तिघेही मरतात. निदान त्याला तसं वाटतं. पिक्चरच्या सुरुवातीला नूडल्स अफूच्या अड्ड्यावर पडलाय आणि कुठेतरी फोन वाजतोय, रस्ता बदलतो, पार्टी दिसते, प्रेतं दिसतात, फोन वाजतोच आहे. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या अहो उचला ना कोणीतरी. तोच तो टीपचा फोन.

आता माझं सांगतो, लांबवणार नाही. डबेवाल्या चौघांपैकी एक कॉलेजनंतर क्रिकेटच्या सट्ट्यात अडकला होता, उधारी कुठल्या कुठे गेलेली, रात्री-बेरात्री लोक घराखाली येऊन उभे राहायचे. मी त्याच्या मोठ्या भावाला सांगितलं. चांगल्यासाठीच सांगितलं, आजही सांगेन. त्याला घरात बदडला, आठ दिवसांत सुरतला मामाकडे धाडला, आणि त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, त्याच्या लग्नाचं आमंत्रण माझ्या आईबाबांच्या नावाने आलं. तर फोन वाजत होता तेव्हा मी रिमोट हातात धरून काय विचार करत होतो ते तुम्हाला कळलं असेल. बाकी दोघांपैकी एक त्या दिवशी शेजारीच बसलेला, तो पण काही बोलला नाही, शेवेची वाटी माझ्याकडे सरकवली फक्त.

पुढचं ज्यांनी बघितलं नाही त्यांनी हा पॅरा सोडा. १९६८ मध्ये नूडल्सला कळतं की मॅक्स मेलाच नव्हता. टीप द्यायची वेळ यावी हे त्यानेच घडवून आणलं होतं, पोलीस त्याचे, प्रेत दुसऱ्याचं, सूटकेसमधला सगळा पैसा त्याने नेला, आता नाव बदलून सेक्रेटरी बेली, बंगला, मानमरातब, डेब्रा पण त्याच्याकडे, आणि मुलाचं नाव डेव्हिड, नूडल्सचं खरं नाव. चौकशी डोक्यावर आलीये, मरायचंच आहे तर तुझ्या हाताने मार, हिशोब चुकता कर, असं मॅक्स म्हणतो, बंदूक टेबलावर. आणि नूडल्स मारत नाही. त्याला मिस्टर बेलीच म्हणत राहतो. माझा एक मित्र होता, त्याला वाचवायला मी त्याची टीप दिली, तो मेला, मोठी दोस्ती होती आमची, असं काहीसं बोलतो आणि निघतो. म्हणजे ओळखच देत नाही! गोळीपेक्षा हे वाईट. डी नीरोचा आवाज इथे इतका सपाट आहे की मी मागे घेऊन तीनदा ऐकला. नंतर बाहेर रस्त्यावर कचऱ्याचा ट्रक येतो आणि मॅक्सचं काय झालं ते लिओने धड दाखवतच नाही. १३९ वाल्यात इथे सरळ बंदुकीचा आवाज आणि खेळ खलास, म्हणून म्हणतो ती घेऊ नका.

वाईट काय ते पण लिहितो. गाडीत नूडल्स डेब्रावर बलात्कार करतो, तो सीन लांब आहे, बघवत नाही, आणि पिक्चरला नंतर तिच्यापेक्षा त्याच्याच दुःखाची जास्त काळजी. सौ. तिथे उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. बायकांच्या बाबतीत हा पिक्चर एकूणच कंजूष आहे, दोस्ती म्हणजे फक्त पुरुषांची, बाया मधे येणाऱ्या. लहान डेब्रा झालेली जेनिफर कॉनेली (तिचा पहिलाच पिक्चर) मोठ्या डेब्रापेक्षा जास्त लक्षात राहते. आणि पस्तीस वर्षांनी डी नीरो पार म्हातारा, आणि मोठी डेब्रा झालेली एलिझाबेथ मॅकगव्हर्न मेकअप पुसते तरी जेमतेम चाळिशीची, हे काय पटलं नाही भिया.

आता २५१ की २२९? २०१२ मध्ये इटलीत बोलोन्यात प्रिंट दुरुस्त करून कापलेले सीन परत जोडले आणि कानला दाखवले, ते २५१. जोडलेले तुकडे लगेच ओळखू येतात, रंग उडालेला, पुसट, जणू लग्नाच्या अल्बममध्ये मधेच कोणी झेरॉक्स चिकटवलीये. पण कबरस्तानवाला सीन आणि बेलीची जुन्या युनियनवाल्याशी बोलाचाली, यांनी मॅक्स किती अडकलाय ते जास्त कळतं. डेब्राचा क्लिओपात्रावाला नाटकाचा तुकडा नसता तरी चाललं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याने २२९ बघावा, आवडला तर महिन्याभराने दुसरा. शीर्षकात लांबवाली घ्या म्हणालो ते १३९ च्या मानाने, भांडू नका.

आवाजाबद्दल एकच. एन्नियो मोरिकोनेने संगीत शूटिंगच्या आधीच करून ठेवलं होतं आणि सेटवर ते वाजवून नट चालायचे, आणि ते दिसतं, लोक त्या सुरांच्या लयीत वळतात. ती बासरीसारखी पॅन फ्लूट टीव्हीच्या स्पीकरवर पिपाणी होते, साउंडबार नसेल तर हेडफोन लावा. सबटायटल इंग्रजी आहेत, हिंदी नाही, मराठीचं तर नावच सोडा.

बघायची पद्धत: संध्याकाळी पाचला लावा, डेब्रा ट्रेनने निघून जाते तिथे पॉज करा, जेवून घ्या, मग उरलेला. आम्ही नऊला लावला, संपेस्तोवर रात्रीचा एक वाजून गेला. दोस्त चपला घालताना जिन्यात थांबला आणि म्हणाला, तो बोर्नव्हिटाचा डबा शेवटी राहिला कोणाकडे रे? मी म्हटलं काय माहीत. माळ्यावर आहे, त्यात आता स्क्रू आणि जुने फ्यूज आहेत.

स्टार म्हणाल तर पाचात चार. एक त्या गाडीच्या सीनसाठी कापला. डबा चेपल्याचे कापत नाही, त्यात पिक्चरची काय चूक. कोणाला बघायला हवी असेल तर पुढच्या रविवारनंतर मागा, सध्या दोन्ही डिस्क त्या दोस्ताकडे आहेत आणि त्याने विचारलंय की याची एक कॉपी सुरतला पाठवता येईल का.