नागपूरच्या उन्हाळ्यात ओआरएस: पाकीट उत्तम, पाणी मात्र मोजूनच

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत औषधाच्या दुकानांत ओआरएस, म्हणजे शरीरातलं गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारी पावडर, काउंटरवर येतं. हे परीक्षण 1 लिटर पाण्यासाठीच्या पावडरच्या पाकिटाचं आहे. किंमत वीस-पंचवीस रुपयांच्या घरात. या पैशात याहून उपयोगी वस्तू त्या दुकानात क्वचितच मिळेल.

घेताना कंपनी नाही, मागची बाजू बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्राप्रमाणे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम हवं. ग्लुकोजच्या जागी ‘डेक्स्ट्रोज’ छापलेलं असेल तर तेच ते. बेरीज 20.5 ग्रॅम, स्वादामुळे वजन थोडं वर जातं.

हे आकडे असेच का, याचं उत्तर आतड्याच्या पेशीपटलात आहे. पटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर. सोडियमवर विद्युतभार असतो, ग्लुकोज पाण्यात रमणारा रेणू; दोघांनाही तो थर ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी-1 नावाचं प्रथिन दार धरून बसलेलं असतं. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज सोबत आले तरच आत घेतं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी (पेशीच्या इंधनाचा रेणू) खर्चून 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत ओढतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि पुढच्या सोडियमला आत यायला ओढ मिळते. बाहेर टाकलेलं सोडियम पेशींमधल्या फटीत साचतं, त्यामागोमाग पाणी जातं. ग्लुकोज इथे ताकदीसाठी नाही, सोडियमला आत नेण्यासाठी आहे! कॉलऱ्यासारख्या जुलाबातही हे दार शाबूत राहतं, म्हणून मिठाचं नुसतं पाणी जिथे उपयोगी पडत नाही तिथे हे द्रावण शोषलं जातं.

द्रावणात लिटरमागे सोडियम 75 आणि ग्लुकोज 75 मिलिमोल असतं, एकूण तीव्रता, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या कणांचं प्रमाण, 245 मिलिऑस्मोल. रक्ताची साधारण 290. द्रावण रक्तापेक्षा पातळ, म्हणून पाणी शरीराकडे वळतं.

चूक होते ती इथेच. अख्खं पाकीट 200 मिलीच्या ग्लासात ओतलं की सगळं पाचपट होतं: सोडियम 375, तीव्रता 1,225. आता पाणी उलट शरीरातून आतड्यात खेचलं जातं, जुलाब वाढतात आणि लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या चढू शकतं. मोठं पाकीट अंदाजाने अर्धं करू नका. पावडरीतले घटक सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. गडू किंवा तांब्याचं माप धरू नका, 1 लिटर छापलेली बाटली वापरा. उकळून थंड केलेलं पाणी माठातलं असलं तरी चालेल. पावडर घातल्यावर मात्र उकळू नका, वरून साखर घालू नका. चव अश्रूंपेक्षा जास्त खारट लागता कामा नये. 24 तासांनंतर उरलेलं फेकून द्या.

जुलाबात दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पाजा. मूल सुस्त पडलं, पिईनासं झालं किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना गाठा. ऊन लागून माणूस बरळत असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालयात न्या.

आपल्या संत्र्याचा रस याची जागा घेत नाही, हे नागपुरात मुद्दाम सांगावं लागतं. त्यात 100 मिलीमागे साखर आठ-नऊ ग्रॅम, सोडियम जवळपास शून्य. ओआरएसमध्ये ग्लुकोज 1.35 ग्रॅम. तयार डब्यातली गोड पेयंही याच कारणाने बाद. पाकीट मिळालंच नाही तर 1 लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर आतड्यात फुटून ग्लुकोज मिळतं, पोटॅशियम मात्र मिळत नाही.

नावं ठेवायची तर छपाईला. ‘एक लिटर’ हे शब्द सर्वांत मोठे हवेत, पण बऱ्याच पाकिटांवर ते मुंगीएवढ्या अक्षरात असतात. शिवाय कुलरच्या दमट हवेत उघडं पाकीट तासाभरात चिकट होतं. गोळे झालेली किंवा रंग पालटलेली पावडर वापरू नका. घरात एकच माणूस आजारी असेल तर 200 मिलीची छोटी पाकिटं घ्या. तेवढ्याच द्रावणाला थोडे जास्त पैसे पडतात, पण लिटरभर करून अर्धं ओतून देण्यापेक्षा ती परवडतात.