जाहिरातीवर चालणारं दुकान: शॉपिफाय की वूकॉमर्स?

ऑनलाइन दुकानासाठी शॉपिफाय (महिन्याचं भाडं भरून मिळणारं तयार दुकान) घ्यावं की वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स (त्याला जोडायचं दुकानाचं प्लगिन) बसवावं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: गिऱ्हाईक येणार कुठून? ओळखीपाळखीतून, व्हॉट्सॲपवरून आणि गुगलच्या फुकट शोधातून येणार असेल, तर वूकॉमर्स बसवा आणि वाचलेले पैसे मालात घाला. तुमच्यापुरता विषय संपला. पुढचं सगळं इन्स्टाग्राम-फेसबुकला पैसे मोजून गिऱ्हाईक आणणाऱ्यांसाठी आहे.

माझं दुकान सोलापुरी चादरी, टॉवेल आणि पंच्यांचं. बहुतेक विक्री मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या, जाहिरातींवर चालते. आधी वूकॉमर्सवर होतो, आता शॉपिफायवर आहे. माझा कल कुठे आहे हे त्यातून कळलंच असेल, पण वूकॉमर्सची बाजू लंगडी आहे असं समजू नका. निदान दोन बाबतींत ते सरस आहे.

पहिली बाब पैशांची. शॉपिफायचं मासिक भाडं सगळ्यांना टोचतं, खरं तर टोचायला हवा तो दुसरा आकडा. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) भारतात नाही. त्यामुळे रेझरपे, पेयू किंवा कॅशफ्री असं बाहेरचं काहीतरी जोडावं लागतं, आणि बाहेरच्या गेटवेतून आलेल्या पैशांवर बेसिक प्लॅनमध्ये शॉपिफाय 2 टक्के कापतं. गेटवेची फी वेगळीच. महिन्याला 3 लाख ऑनलाइन जमा झाले, तर 6,000 रुपये नुसते या कापाकापीत गेले. वूकॉमर्स विक्रीवर काही घेत नाही. चादरीसारख्या मालात, जिथे आधीच मार्जिन पातळ, तिथे हे जाणवतं.

दुसरी बाब सीओडीची, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे देण्याची. ऑर्डर पडली रे पडली की पिक्सेल (दुकानाच्या पानावर बसवलेला मेटाचा कोड) मेटाला ‘परचेस’ कळवून मोकळा होतो. पार्सल पुढे आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) होऊन परत आलं तरी मेटाला त्याचा पत्ता नसतो. दारातून पार्सल परत पाठवणारी तसलीच माणसं मेटा आणखी शोधून आणतं. वूकॉमर्समध्ये कोड आपल्या ताब्यात असतो. फोन करून ऑर्डर पक्की झाली की मगच सर्व्हरकडून परचेसचा इव्हेंट (मेटाला जाणारी नोंद) पाठवायचा, अशी सोय करून घेता येते. (डिलिव्हरी होईपर्यंत मात्र थांबू नका. सात दिवसांपेक्षा जुना इव्हेंट मेटा घेत नाही आणि ईशान्येकडची पार्सलं तेवढ्यात पोचतीलच असं नाही.) शॉपिफायवरही हे जमतं, पण त्यासाठी बहुधा एक ॲप लागतं आणि ॲप म्हटलं की आणखी एक भाडं आलं.

एवढं असूनही मी हललो, ते एका शेपटामुळे.

जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की फेसबुक आपल्या लिंकच्या टोकाला प्रश्नचिन्ह देऊन ‘एफबीक्लिड’ आणि लांबलचक अक्षरं चिकटवतं. गुगलचं तसंच ‘जीक्लिड’. ही अक्षरं दर क्लिकला वेगळी. आता वर्डप्रेसचं दुकान झटकन उघडतं ते कॅशिंगच्या जोरावर, म्हणजे पान एकदा बनवून ठेवायचं आणि येईल त्याला तेच वाढायचं. या शेपटाकडे दुर्लक्ष कर, असं कॅशिंगला बजावलेलं नसेल, तर प्रत्येक क्लिक त्याला नवीन पान वाटतं आणि सर्व्हर पहिल्यापासून सगळा स्वयंपाक मांडून बसतो. माझ्या फोनवर दुकान लगेच उघडायचं. मेहुण्याच्या फोनवरही उघडायचं. स्पीड तपासणाऱ्या साइटवर हिरवे आकडे. आणि ज्याच्या क्लिकचे मी पैसे भरले, नेमका तोच पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलेला.

चांगली कॅशिंग प्लगिन ही शेपटं आपणहून ओळखतात, हे कबूल. पण माझ्या होस्टिंगवाल्याचा, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्याचा, सर्व्हरवर स्वतःचा आणखी एक कॅशिंगचा थर होता आणि त्याची किल्ली माझ्याकडे नव्हती. होस्टिंगवाले प्लगिनकडे बोट दाखवायचे, प्लगिनवाले होस्टिंगकडे. ओळखीच्या डेव्हलपरने एकदा नीट करून दिलं; पुढे कसलंसं अपडेट आलं आणि पुन्हा तेच. दुकान बंद पडलं तर निदान कुणीतरी फोन करून सांगतं. हे कुणी सांगत नाही. मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये (जाहिरातींचा हिशोब दिसतो तिथे) लिंक क्लिक आणि लँडिंग पेज व्ह्यू हे दोन रकाने शेजारी लावले आणि त्यांच्यातली दरी वाढताना दिसली, तरच कळायचं. क्लिकचे पैसे गेलेले असतात, पान मात्र उघडलेलं नसतं. रात्री नऊ-दहाला माझी जाहिरात जोरात चालते, आणि त्या वेळी मी नवे फोटो-व्हिडिओ करायचे सोडून कॅश रिकामी करत बसलेलो असायचो.

शॉपिफायवर आल्यावर ती दरी बरीच मिटली. त्याच सुमारास मी जाहिरातींचे व्हिडिओही बदलले होते, त्यामुळे सगळं श्रेय शॉपिफायला देणार नाही. पण सर्व्हर हा विषय डोक्यातून गेला, आणि माझ्या लेखी त्या 2 टक्क्यांत हेच विकत घेतलं.

यूपीआयचा घोळ दोन्हीकडे आहे. गिऱ्हाईक फोनपेमध्ये पैसे भरतं आणि तिथूनच निघून जातं, ‘धन्यवाद’च्या पानावर परत येतच नाही. मग ब्राउझरमधला पिक्सेल फायर होणार कुठून? त्यात एप्रिल 2021 मध्ये आयओएस 14.5 आल्यापासून आयफोनवाल्यांचा माग काढणं आणखी अवघड झालं. यावर उतारा म्हणजे कन्व्हर्जन्स एपीआय, इव्हेंट थेट सर्व्हरकडून पाठवणं. शॉपिफायमध्ये मेटाचं चॅनल जोडून डेटा शेअरिंगची पातळी वाढवली की ते चालू होतं. वूकॉमर्ससाठीही प्लगिन आहेत, फक्त ब्राउझरचा आणि सर्व्हरचा इव्हेंट आयडी जुळतोय ना हे बघत राहावं लागतं. नाहीतर एक चादर विकली की ॲड्स मॅनेजरमध्ये दोन दिसतात आणि आपण खुशीत बजेट वाढवतो. एका ॲड सेटला (जाहिरातींच्या एका गटाला) योग्य गिऱ्हाईक कोण हे शिकायला आठवड्याला 50 च्या आसपास इव्हेंट लागतात, असं मेटा वर्षानुवर्षं सांगत आलंय. आपल्यासारख्या लहान दुकानाला तेवढे गाठतानाच दम लागतो, त्यात हरवलेले आणि दुबार मोजलेले इव्हेंट परवडत नाहीत.

शॉपिफायचा मला खुपणारा दोष म्हणजे चेकआउटमध्ये फारसा हात घालू देत नाहीत. थीमचं म्हणाल तर दोन्हीकडे हव्या तितक्या आहेत, त्यात वेळ घालवू नका.

घरात किंवा हाताशी पक्का डेव्हलपर असेल आणि सर्व्हर पूर्ण तुमच्या ताब्यातला असेल, तर माझं ऐकायची गरज नाही. वूकॉमर्स तुम्हाला स्वस्तात पडेल आणि सीओडीची ती युक्तीही वापरता येईल. एकट्याने दुकान, पॅकिंग आणि जाहिराती सांभाळत असाल, तर मी शॉपिफायच म्हणेन. मधेच बदलायचं असेल तर दिवाळीच्या तोंडावर नको. प्रॉडक्टचे आयडी बदलतात, कॅटलॉग जाहिराती आणि गुगल मर्चंट सेंटरचं फीड (मालाची यादी) पुन्हा जोडावं लागतं, आणि जुन्या लिंक नव्यांकडे वळवणारे रीडायरेक्ट लावायचे राहिले तर चालू जाहिराती ‘पान सापडलं नाही’ सांगणाऱ्या चारशे-चारच्या पानावर जाऊन आदळतात.

आज वूकॉमर्सवर असलेल्यांनी हलण्याआधी एक करून बघावं. दुकानाच्या लिंकला एफबीक्लिडचं शेपूट लावा, प्रत्येक वेळी त्यातली अक्षरं बदला आणि मोबाइल डेटावर उघडा. साध्या लिंकइतक्याच वेगाने पान आलं, तर आहात तिथेच राहा आणि ते 2 टक्के वाचवा.