कॉर्नवॉलमधले मेथडिस्ट: वेस्लियन की बायबल ख्रिश्चन?

मेथडिस्ट म्हणजे जॉन वेस्लीच्या शिकवणीतून निघालेला प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ, आणि वेस्लियन व बायबल ख्रिश्चन या त्याच्या दोन शाखा. दोघंही मेथडिस्टच, पण इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये त्यांचा बाज एकदम वेगळा. वेस्लियन मूळचे, जॉन वेस्ली 1743 मध्ये पहिल्यांदा तिकडे गेला आणि पुढे ग्वेनॅप पिट नावाच्या खड्ड्यात, जो बहुतेक खाणकामामुळे जमीन खचून झालेला, त्यात 1762 पासून 18 वेळा बोलला, आणि आज तिथे दिसणाऱ्या गोल गोल पायऱ्या मात्र त्याच्या मृत्यूनंतर 1806-07 ला केल्यात. त्याच्यामागे हळूहळू शिस्त, नियम वाढत गेले, आणि 1803 मध्ये तर बायकांच्या प्रवचनावर जवळपास बंदीच आली, हे मला आजही खटकतं.

बायबल ख्रिश्चन 1815 चे. सुरुवात शेजारच्या डेव्हनमध्ये शेबिअरला झाली पण संस्थापक विल्यम ओब्रायन कॉर्नवॉलचाच, आणि त्यांच्यात बायका गावोगाव फिरून प्रवचन द्यायच्या! बिली ब्रे हा टिनच्या खाणीतला कामगार पण त्यांचाच प्रचारक, त्याने स्वतःच्या हातांनी चॅपल, म्हणजे छोटी प्रार्थनागृहं, उभी केली.

पसारा वेस्लियनांचा मोठा, पण माझं मत बायबल ख्रिश्चनांनाच, कारण खाणकामगार आणि बायकांना त्यांनी थेट बोलायला उभं केलं. 1907 ला बायबल ख्रिश्चन युनायटेड मेथडिस्ट या एकत्रित चर्चमध्ये गेले, आणि 1932 ला ते आणि वेस्लियन एकाच मेथडिस्ट चर्चमध्ये आले.