परडं की गच्ची? तान्हं बाळ घरात असताना भाजी लावायची तर

बेळगावात जुन्या घरांमागे परडं सापडतं, नव्या बांधकामांत भाजीची हौस गच्चीवर चढते. काहींकडे दोन्ही असतं, आणि बाळंतपणानंतर सासरी परतलेली एखादी विचारते, सुरुवात कुठे करू? माती, ऊन, बियाणं यांचं नंतर बघू. आधी एवढंच ठरवा, की तीन दिवस तिकडे फिरकताच आलं नाही तर तिथलं काय जगेल? लस टोचून आणली, रात्रभर बाळ किरकिरलं, की बागेला दांडी ठरलेली.

या कसोटीवर परडं सरळ पुढे जातं. जमिनीतल्या वांग्याच्या बुडाशी भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट अंथरलं असेल तर एप्रिलातही ते दोन-तीन दिवस पाण्याविना तग धरतं. गच्चीवरची बारा इंची ग्रो बॅग, म्हणजे रोप लावायची पिशवी, सकाळी भिजवा, दुपारी चारला माती कडेने सुटलेली दिसते. त्यात आपल्याकडे सगळीकडे नळाला रोज पाणी नाही. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो, आणि सहा महिन्यांचं बाळ सात-आठ किलो. दोन्ही घेऊन जिना चढता येत नाही, एक खाली ठेवावंच लागतं. गच्चीच हवी असेल तर टाकीला जोडलेलं छोटं ठिबक आधी बसवा, रोपं मागाहून आणा. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बादली आणि कुदळ दोन्हींना हात लावू नका.

पावसाळ्यात हिशोब थोडा बदलतो, तोही तुम्ही जिल्ह्याच्या कोणत्या टोकाला आहात त्यावर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे झड लागली की ग्रो बॅगमधलं खत पाण्याबरोबर खालून निघून जातं आणि मिरची पिवळी पडते. तांबड्या मातीत गादीवाफा, म्हणजे जमिनीहून उंच वाफा, केला तर पाणी निचरून जातं. अथणी, रायबागकडे पाऊस बेताचा, पण काळी माती ओली झाली की पायाला किलोभर चिकटते आणि वाळली की भेगाळते. अंग भरून न आलेल्या बाळंतिणीने ती खणू नये. तिकडे मी चार पिशव्याच सुचवेन, गच्चीवर मात्र नाही, मागच्या दाराशी.

बाळाचं रडणं ऐकू येणं हा मुद्दा बागकामाच्या पुस्तकांत नसतो, पण सगळ्यात जास्त तोच छळतो. परड्यात मागचं दार उघडं ठेवून, पडवीत झोळी बांधून पोकळा खुडता येतो. गच्चीवर वारा आणि खालून कुकरच्या शिट्ट्या, त्यामुळे कान सतत जिन्याकडे. सासूबाई किंवा नणंद खाली असतील तर ही तक्रार उरत नाही, हेही खरं.

इथपर्यंत परडं जिंकत आलं, पण बाळ रांगू लागलं की पारडं फिरतं. हाताला लागेल ते तोंडात जायचं वय ते. कच्चं शेण टाकलेल्या वाफ्यात त्याला सोडता येत नाही. जंत आणि जुलाब तिथूनच येतात. खत पूर्ण कुजलेलं, भुगा झालेलं, शेणाचा वास गेलेलंच घाला, आणि रांगायच्या जागेपासून वाफा कुंपणाने तोडा. कुंपणाकडेला एरंड, कण्हेर, धोत्रा असेल तर तो आधी काढा. अळूचं कच्चं पान चावलं तर तोंडाला आग होते, म्हणून अळू न्हाणीच्या पाण्यावर, पण हाताबाहेर. गच्चीवर ही भीती कमी, तिथे कठड्याची भीती. आणि दोन्हीकडे एक नियम न मोडता पाळायचा: पाण्याने भरलेली बादली किंवा उघडा हौद बाळाच्या वाटेत नको. दोन-तीन इंच पाणीही पुरतं. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्याला ओतून पुसा, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

निपाणी भागातल्यांना वेगळं सांगायला हवं. मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, पडला की तंबाखूचा काढा फवारायची सवय तिकडे जुनी आहे, मालही घरचाच. बाळ असलेल्या घरात तो उकळू नका, साठवू नका. निकोटीन विषारी आहे, आणि तंबाखूतला विषाणू टोमॅटो-मिरचीला लागतो तो वेगळाच. मावा पाण्याच्या जोरदार धारेने झाडून काढा, फारच झाला तर साबणाचं पातळ पाणी किंवा निंबोळी तेल.

लावायचं काय, यात मी पक्षपाती आहे. कोबी, बटाटा, गाजर, बीट आपल्या जिल्ह्यातच ढिगाने पिकतं. गणपत गल्लीत गेलं की पिशवी भरते. त्यासाठी घरात कष्ट कशाला? रात्री आठला आमटीत टाकायला मूठभर लागतं ते लावा: कोथिंबीर, कढीपत्ता, मेथी, पोकळा. मेथी महिन्याभरात हाताशी येते. पोकळ्याचे शेंडे खुडले तर तो पुन्हा फुटतो, मुळासकट उपटू नका. भेंडी मात्र दिवसाआड तोडावी लागते, चुकली की लाकूड होते. पहिल्या वर्षी भेंडी नको. मिरच्या तोडाल तेव्हा साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाचं नाक पुसू नका. साध्या पाण्याने तिखट जात नाही.

म्हणून घरात कोणी मोठं माणूस असेल आणि परडं असेल तर परडंच, कुंपणासकट. एकटीवर घर असेल तर गच्ची यंदा विसरा, स्वयंपाकघराच्या दाराशी चार कुंड्या पुष्कळ झाल्या. गच्ची फक्त त्यांनाच, ज्यांच्याकडे ठिबक आहे आणि खाली बाळाजवळ बसणारं कोणीतरी आहे.

परड्यात कोपरा रिकामा राहिलाच तर जूनच्या पावसावर रताळ्याचे वेल टोचा. त्याला बी लागत नाही, खानापूर किंवा बेळगावच्या पश्चिमेकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून वेलाचे वीतभर तुकडे मागून आणले की झालं. एकदा जमीन झाकली की खुरपणीही फारशी लागत नाही, आणि साडेतीन-चार महिन्यांत कंद काढता येतात. डिसेंबरात जन्मलेलं बाळ तोवर दहा महिन्यांचं होतं. वाफवून, धागे काढून, तुपाचं बोट लावून कुस्करा, मीठ-साखर नको.