मोठ्या बाईंचं शनिवारचं पत्र : वर्षभर वाचल्यानंतरचा अनुभव

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. लेक पेठेतल्या एका जुन्या शाळेत, सेमी-इंग्रजीला, नववीत होती. शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पालकांना एक पत्र पाठवतात. व्हॉट्सॲपच्या ज्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं, त्या ग्रुपवर. दोन-अडीच पानांची पीडीएफ. आठवड्यात मुलांनी काय केलं, कोण कुठे चमकलं, पुढच्या आठवड्यात काय आहे. (चर्चा करणाऱ्यांचा ग्रुप वेगळा. तिथे सकाळी सुप्रभात आणि रात्री ‘आजचा गृहपाठ कुणी टाकेल का’, एवढंच चालतं.) जून २०२४ ते एप्रिल २०२५ असं पूर्ण शैक्षणिक वर्ष मी हे पत्र वाचलं.

माझी नोकरी भोसरीत, शिफ्टची. घर धायरीत. पालकसभेला बायको जाते. मी शाळेत गेलो की शिपाईमामा विचारतात, ‘आपण कोण?’ तेव्हा माझ्यासारख्याला शाळा कळायची ती या पत्रातूनच. नववीतली मुलगी तर काही सांगत नाही. ‘आज काय झालं शाळेत?’ ‘काही नाही.’ संपलं.

पहिले काही आठवडे पत्राने निराशाच केली. एक तर ते श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. छापून बघायला ठीक, पण त्यातली तारीख किंवा सूचना कॉपी करून बायकोला पाठवावी तर नुसती चिन्हं उमटायची. शोधायला गेलं तर काही सापडायचं नाही. दुसरं म्हणजे मजकूर. अर्धं पान मान्यवरांच्या स्वागताचं, शाल-श्रीफळाचे फोटो, ‘कार्यक्रमाचे सूत्रसंचालन अमुक यांनी केले व आभार तमुक यांनी मानले’. उरलेल्या जागेत यशवंत विद्यार्थी. आणि यशवंत म्हणजे तीच सात-आठ मुलं. वक्तृत्वात ती, प्रश्नमंजूषेत ती, स्तोत्रपठणातही तीच. शाळेत दीड हजार पोरं आहेत. बाकीची काय करतात, पत्रावरून पत्ता लागत नव्हता.

मग ऑगस्टच्या सुरुवातीचं एक पत्र आलं, आणि तिथून मी शनिवारची वाट बघायला लागलो.

पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण साडेअठरा अक्षांशावर. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच पडते. शून्य सावलीचा दिवस. पहिला मे महिन्याच्या मध्याला येतो, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा जुलैच्या अखेरीस, तेव्हा शाळा असते पण आभाळ नसतं. नववी ‘ब’च्या मुलांनी विज्ञानाच्या सरांबरोबर गच्चीवर जायचं ठरवलं. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा एक तुकडा आणला, खाली कार्डशीट, ओळंबा लावून पाइप सरळ केला. पुण्यात ही वेळ बाराला येत नाही, पाऊण वाजायच्या जरा आधी येते. कारण आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. हे गणित मुलांनी फळ्यावर मांडलं. दुपारची शाळा, पहिला तास सोडून सगळे वर. आणि बाईंनी पुढे लिहिलं होतं : ‘ढग होते. काही दिसले नाही. दोन मुले भिजली. पाइप जपून ठेवला आहे.’

लेक त्याच वर्गात. एवढं सगळं घडलं आणि घरी ‘काही नाही’! त्या रात्री जेवताना मी विचारलं, ‘पाइप कुणाकडे आहे?’ ती चमकून बघायलाच लागली. मग पाइप, ओळंबा, भिजलेला मित्र, रेखांशाच्या फरकाला चारने का गुणायचं (एका अंशाला चार मिनिटं), सगळं बाहेर आलं. अर्धा तास बोलत होती. माझ्या मते या पत्राचा खरा उपयोग हाच. शाळेबद्दल विचारायला बापाच्या हातात एक धागा मिळतो. ‘आंतरशालेय स्पर्धेत घवघवीत यश’ या ओळीतून असा धागा निघत नाही. पुढे काय विचारणार?

खो-खोचंही तसंच. लेक शाळेच्या संघात राखीव. संघ पहिल्याच फेरीत एका गुणाने हरला. जुन्या पद्धतीत ही बातमी आलीच नसती, कारण हरलेल्यांचा फोटो कोण छापतो? पण बाईंनी तो सामना लिहिला. शेवटच्या तुकडीतल्या एका मुलीने हुलकावणी देत देत वेळ कसा काढला, आपली आक्रमक खांबापाशी कशी घसरली, मैदान कसं ओलं होतं. घसरलेल्या मुलीचं नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं, हे मला आवडलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर पुण्याचाच. त्या आठवड्यात पत्रात अर्थातच अभिनंदन होतं, पण त्याखाली एक ओळ अशी : ‘आपल्या मैदानावरचा दक्षिणेकडचा खांब हलतो आहे. सोमवारी दुरुस्त होईल.’ झाला. लेकीने मंगळवारी सांगितलं, न विचारता.

आता उपयोगाच्या माहितीबद्दल, कारण इथे पत्राने खरोखर पैसे आणि हेलपाटे वाचवले. नोव्हेंबरात ‘अपार’ आयडीची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या एकाच ओळखक्रमांकाची, धावपळ चालू होती. इतर शाळांतले पालक ‘संमतिपत्र द्या’ एवढ्या एका ओळीवर भांबावलेले. बाईंनी पाऊण पान खर्चून सांगितलं की शाळेच्या जनरल रजिस्टरवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर आयडी तयार होत नाही, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव शाळेच्या नोंदीवरूनच जातं, तेव्हा तपासायचं ते आत्ताच. आमच्या आडनावात शाळेत डब्ल्यू, आधारवर व्ही! आधार केंद्रावर एक सकाळ गेली, पण दहावी झाल्यावर हीच दुरुस्ती करायला निघालो असतो तर काय झालं असतं, ते माझ्या साडूला विचारा.

आठवीच्या पालकांसाठी एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल असंच लिहिलं होतं. वर्षाला १२ हजार रुपये, नववी ते बारावी, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, तहसीलदारांचा दाखला लागतो आणि तो मिळायला वेळ लागतो म्हणून आजच ई-सेवा केंद्रात जा. आमच्या शेजारचे रिक्षावाले काका, त्यांचा मुलगा याच शाळेत आठवीला. त्यांनी हे पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दाखल्याला अर्ज टाकला. चित्रकलेच्या इंटरमिजिएटचंही तेच : अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३ असे वाढीव गुण दहावीला मिळतात, पण प्रस्ताव शाळेतून गेला तरच. प्रमाणपत्र कपाटात ठेवून गुण मिळत नाहीत.

त्या वर्षी आमच्या बाजूला दोन संकटं आली. २५ जुलैला सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी पाण्यात गेली, त्या सकाळी मोबाइलवर सुट्टीची परिपत्रकं धडाधड येत होती, त्यातली एक-दोन तर आदल्या वर्षीची. बाईंचा संदेश एका ओळीचा : ‘जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पाहिला, आज शाळा नाही, ज्या मुलांच्या घरात पाणी शिरले त्यांनी वर्गशिक्षकांना कळवा.’ पुढच्या शनिवारी दप्तरं, वह्या, गणवेश कुणाला हवे त्याची व्यवस्था, नावं न लिहिता.

दुसरं जानेवारीत. जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात निघाले. आम्ही तिथलेच. वर्गात काही मुलं धायरीच्या मुलांपासून लांब बसायला लागली होती. बाईंनी पत्रात टाकी कधी धुतली, क्लोरीन कधी तपासलं ते दिलं, पाणी उकळून द्या आणि गेटबाहेरचा बर्फाचा गोळा बंद, हेही सांगितलं. पण वर ठळक अक्षरांत होतं की हा आजार शेजारी बसून होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते, धोका आहे तो दूषित पाण्या-अन्नातून होणाऱ्या संसर्गाचा. सोमवारी परिपाठालाही हेच सांगितलं म्हणे. लेकीच्या बाकावरची मैत्रीण परत बाकावर आली. या एका पत्रासाठी मी बाकीच्या शाल-श्रीफळांना माफ करायला तयार आहे.

तक्रारी मात्र आहेत, आणि किरकोळ नाहीत.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम पावसाळ्यात निघालं आणि रखडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींना मधल्या सुट्टीत खाली येऊन रांग लावावी लागायची. काही जणी पाणीच प्यायच्या नाहीत. हे पत्रात दिवाळीपर्यंत एका शब्दाने नव्हतं. त्याच काळात भिंतीवरच्या नव्या म्युरलचे मात्र चार फोटो. पालक-शिक्षक संघात बायकोने आणि आणखी काही आयांनी विषय काढला, तेव्हा पुढच्या पत्रात ठेकेदार का थांबला, पैसे कुठे अडले, काम कधी संपेल असं सगळं आलं. लिहिता येत होतं, म्हणजे आधीही लिहिता आलं असतं. वाईट बातमी शाळेकडून न येता लेकीच्या डोकेदुखीतून कळावी, हे बरं नाही.

नववीत जी मुलं मागे पडतात, त्यांच्याबद्दलही पत्र गप्प असतं. नावं नकोतच. पण जादा तास कुणासाठी, कधी, त्यांचा उपयोग होतोय का, हे लिहायला काय हरकत आहे? दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीत चाळणी लावतात अशी कुजबुज प्रत्येक पालकाच्या कानावर येते. ती खरी नसेल तर पत्राने ती मोडावी.

आणि फोटो. मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि चेहरा, सगळं एका चौकटीत, शेकडो लोकांच्या ग्रुपवर. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे ‘मूल’ धरले आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. मी ईमेल केला. उत्तर सभ्य आलं. त्यानंतर फोटोखाली फक्त पहिलं नाव असतं, पण संमतीचा अर्ज अजून आलेला नाही.

सुधारणा झाल्या त्याही सांगायला हव्यात. दिवाळीनंतर युनिकोड आलं, कुणातरी माजी विद्यार्थ्याने बसवून दिलं म्हणतात. आता ‘सहामाही’ शोधलं की सापडतं. बाई दोन मिनिटांचा आवाजी संदेशही टाकायला लागल्या. तो आमच्या सासूबाई पोळ्या लाटताना ऐकतात आणि नातीला माझ्याआधी पकडतात. भाषा अजून जड आहे. ‘संपन्न झाले’ आणि ‘उत्साहात पार पडले’ यांना बंदी घातली तर पत्र पाव पानाने कमी होईल. पण मधे मधे बाई स्वतः लिहितात तेव्हा लगेच कळतं. ३ जानेवारीला मुली बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागी गेल्या होत्या, तेव्हाचं पत्र तसं होतं. १८४८ साली जिथे मुलींची शाळा भरली तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. एका सातवीतल्या मुलीने विचारलं, ‘बाई, मग बघायचं काय?’ आणि बाईंनी तो प्रश्न उत्तर न देता तसाच छापला. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुस्तक महोत्सवाची सहल मात्र दोन ओळींत आणि एका सामूहिक फोटोत गुंडाळली. कुणी काय विकत घेतलं तेवढं तरी सांगायचं!

पाच पैकी साडेतीन. स्वच्छतागृहाचा अर्धा गुण मी कापलाय, बायको पूर्ण एक कापा म्हणते.

लेक आता दहावीत. या शाळेत नव्याने प्रवेश घेतलेल्यांसाठी : पत्र शनिवारी एक-दीडला येतं, ग्रुप म्यूट असेल तर पिन करून ठेवा. पहिलं पान सरळ ओलांडा. कामाचं सगळं दुसऱ्या पानाच्या खालच्या अर्ध्यात असतं, ‘इतर’ या मथळ्याखाली.