विश्रामबागेतील एक माँटेसरी बालशाळा: दोन वर्षांच्या अनुभवानंतर

आमची मुलगी तीन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात आम्ही सांगलीत गावभागापासून विश्रामबागेपर्यंत बालशाळांच्या पाट्या वाचत फिरलो, आणि त्यांतल्या अनेक पाट्यांवर ‘माँटेसरी’ (मुलाने ठरावीक साधने स्वतः हाताळून शिकण्याची पद्धत) हा शब्द होता. हे नाव लावण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. घराजवळच्या एका शाळेत आम्ही प्रवेश घेतला. तेथे बाके ओळीने मांडलेली होती, भिंतीवरच्या पडद्यावर इंग्रजी गाणी लागत होती आणि या पद्धतीतल्या गुलाबी मनोऱ्याचे, म्हणजे एकावर एक रचायचे लहान-मोठे ठोकळे काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले होते. पालकसभेच्या दिवशी ते बाहेर आले व सभा संपताच पुन्हा आत गेले. तीन वर्षांच्या मुलीला रोज रात्री एक ते पन्नास आकडे गिरवायला बसवणे मला असह्य झाले, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही तिला तेथे पाठवले नाही.

ज्या शाळेविषयी हे लिहिते आहे ती विश्रामबागेत एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर भरते. प्रवेशाचा अर्ज देण्यापूर्वी तेथील मुख्य ताईंनी मला एक संपूर्ण सकाळ वर्गात बसण्यास सांगितले. दाराजवळ एक खुर्ची दिली आणि मुलांशी आपण होऊन बोलू नका, एवढीच विनंती केली. माझ्या मते या शाळेची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे, कारण त्या सकाळी जे दिसले ते कोणत्याही माहितीपत्रकातून कळले नसते. एका मुलीने चटई उलगडली, फडताळातून शेंगांची परडी आणली आणि अर्धा तास ती एकटी शेंगा फोडत बसली. टरफले एका वाटीत, दाणे दुसऱ्या वाटीत. एका मुलाच्या हातून पाण्याचा काचेचा पेला फुटला. ताईंनी बाकीच्या मुलांना बाजूला घेतले, मोठे तुकडे स्वतः उचलले आणि त्याला लहानसे फडके देऊन सांडलेले पाणी पुसायला लावले. त्याला कोणी रागावले नाही, आणि पुढच्या वेळी प्लास्टिकचा पेला दिला जाईल असेही झाले नाही. खरी वस्तू फुटते म्हणूनच मूल ती जपून धरते, हा या पद्धतीतला विचार मला त्या एका प्रसंगात समजला.

आमची मुलगी पहिले आठ-दहा दिवस दट्ट्यांच्या ठोकळ्याखेरीज कशालाही हात लावत नव्हती. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत बरोबर बसेल असा एकेक दट्ट्या, असे हे साधन असते. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला की शेवटी दुसरा एखादा बसायला जागाच उरत नाही, आणि चूक झाली हे सांगायला कोणा मोठ्या माणसाची गरज राहत नाही. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एका सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जातात, तेथेही हेच घडते. घरी मात्र आम्ही तिघे मोठे तिच्याभोवती बसून ‘तो नाही गं, हा घे’ असे सांगत होतो. पहिल्या महिन्यातच ताईंनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘‘घरी तिला जेवण कोण भरवतं?’’ आजी भरवत होत्या. घरचे हात आवरले नाहीत तर शाळेतले दोन तास फुकट जातील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सासूबाईंना ते लागले, आणि त्यांचे लागणेही खोटे नव्हते. नातीला भरवण्यात त्यांचा जीव होता. पण पुढे एके दिवशी चपलेचा पट्टा लावायला त्या वाकल्या तेव्हा नातीने ‘‘आजी, मला करू दे की’’ म्हटले, आणि त्या पाच मिनिटे उंबऱ्यात शांत उभ्या राहिल्या. ही पद्धत आपल्या मुलाला मानवेल का, असे विचारणाऱ्यांनी आधी घरातल्या मोठ्यांना ती मानवेल का, हे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

अक्षरओळखीबाबत थोडे विस्ताराने लिहिते, कारण मराठी घरांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पॉलिश पेपरची अक्षरे मूल दोन बोटांनी गिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारते. ही रीत इटालियन भाषेत घडली, जिथे अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ आहे, म्हणून ती देवनागरीलाही सहज जुळते. ‘क’चे नाव आणि ‘क’चा ध्वनी आपल्याकडे वेगळे नाहीत. अडचण येते ती सुट्या अक्षरांनी शब्द मांडताना. ‘दिवा’ म्हणताना कानाला आधी ‘द’ आणि मग ‘इ’ ऐकू येतो, पण पहिली वेलांटी लिहायची ती ‘द’च्या आधी. आमची मुलगी कित्येक आठवडे ती नंतरच ठेवत होती, आणि कानाच्या हिशेबाने तिचेच बरोबर होते. ताईंनी तिला दुरुस्त केले नाही. माँटेसरी वर्गांतल्या सुट्या अक्षरांत सहसा स्वर निळे आणि व्यंजने लाल असतात. त्याच धर्तीवर त्यांनी काना, मात्रा, वेलांट्या निळ्या पुठ्ठ्यावर कापून ठेवल्या आहेत. आधी ‘नाक’, ‘कान’, ‘मामा’ असे कान्याचे शब्द, मग ‘काकी’, ‘पाणी’ असे दुसऱ्या वेलांटीचे, आणि पहिली वेलांटी सर्वांत शेवटी, असा क्रम त्या पाळतात. इतका विचार केलेली मराठीची सुरुवात मी सांगलीत अन्यत्र पाहिली नाही. इंग्रजी येथे आहे, पण दोन वर्षे ते केवळ बोलण्यापुरते आहे.

शुल्क मात्र आमच्या गल्लीतल्या बालवाडीच्या जवळपास तिप्पट आहे, आणि हे मला खटकते. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह 1907 साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत, कामावर जाणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठी उघडले होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच शिक्षण कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेले, ते बिया, शिंपले, पाने, खडे अशी सभोवतालची साधने वापरून. आमच्या शाळेतही मोजणीसाठी चिंचोके आणि निवडण्यासाठी हुलगे-मटकी आहेतच. महाग आहेत ती लाकडी साधने आणि प्रशिक्षित ताई. तरीही काही जागा कमी शुल्काच्या ठेवता येतील, असे मी शाळेला लेखी कळवले आहे.

उणिवा आणखी आहेत. कामाचा सलग वेळ तीन तासांचा असावा, ही या पद्धतीची मूळ अपेक्षा. येथे प्रार्थना आणि डबा यांमुळे तो दोन तासांवर येतो, आणि जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की तेवढाही राहत नाही. मोकळे अंगण अपुरे आहे. आमच्या शेजारचा मुलगा, ज्याला सकाळी आधी पळायला हवे असते, तो येथे रमला नाही आणि मोठ्या मैदानाच्या बालवाडीत आज आनंदात आहे. त्यात त्याचेही काही चुकले नाही आणि शाळेचेही नाही. भातुकलीची आवड असलेल्या मुलांच्या पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमच्या मुलीने तपकिरी जिन्याची, म्हणजे जाडी वाढत जाणाऱ्या लाकडी ठोकळ्यांची आगगाडी केली तेव्हा ताईंनी हळुवारपणे ते साधन परत जागेवर ठेवायला सांगितले, कारण येथे साधनाचा उपयोग ठरलेला असतो. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी आपल्या बालमंदिरांत गोष्टी आणि गाण्यांना मोठे स्थान दिले होते, ते येथे कमी पडते. आम्ही संध्याकाळ भातुकलीसाठी आणि आजीच्या गोष्टींसाठी राखून ठेवली आहे.

पद्धतीच्या परिणामांविषयी विचारणाऱ्यांना दोन अभ्यास सांगते. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सोडतीने माँटेसरी शाळेत प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली मुले यांची तुलना 2006 साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षांच्या वयात प्रवेश मिळालेली मुले शब्दवाचनात आणि इतरांशी वागण्यात पुढे आढळली. 2012 च्या दुसऱ्या अभ्यासात मूळ साधने काटेकोरपणे वापरणाऱ्या वर्गांतील मुलांची प्रगती, त्यांत इतर साहित्य मिसळणाऱ्या वर्गांतील मुलांपेक्षा अधिक दिसली. म्हणूनच पाटीवर न जाता वर्गात बसून पाहावे, कुलूप लावलेले कपाट आहे का ते पाहावे, आणि एका खोलीत तीन ते सहा वर्षांची मुले खरोखर एकत्र आहेत का ते मोजावे.

ही शेवटची बाब या शाळेची खरी दुखरी जागा आहे, आणि तिचा दोष शाळेकडे कमी व आम्हा पालकांकडे अधिक जातो. मूल पाच वर्षांचे झाले की इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शाळेत जागा अडवून ठेवण्यासाठी बहुतेक जण त्याला येथून काढतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षाची मुले उरतच नाहीत. वास्तविक पहिली दोन वर्षे हाताळलेल्या मण्यांची दशके, शतके याच वर्षी गणितात उतरतात, आणि लहान मुलांना पाहून शिकायला मोठी मुलेही याच वर्षी हवी असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तेव्हा घाईचे कारण पूर्वीइतके उरलेले नाही. या जूनमध्ये आम्ही तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरला. आमच्या वर्गातल्या आणखी तीन कुटुंबांनीही भरला आहे, आणि ताईंनी लांबीची ओळख करून देणाऱ्या लाल दांड्यांशेजारचे रिकामे फडताळ मोठ्या मुलांच्या साधनांसाठी पुसून घेतले आहे.